बडोद्याहून परदेशी जाताना: टीबीची तपासणी, तिचे कागद आणि तिकडे पोहोचल्यावरची पहिली वर्षं

लंडन, टोरांटो किंवा मेलबर्नला निघालेल्या मुलामुलींच्या घरी टीबीच्या तपासणीचा कागद बहुधा सगळ्यात शेवटी आठवतो. फी भरून होते, राहायची सोय लागते, तिकिटांचे भाव बघून होतात, आणि मग कोणीतरी म्हणतं, ‘एक एक्स-रेच तर काढायचाय.’ दहांतल्या नऊ जणांचं काम खरंच एका सकाळीत उरकतं. पण ज्याच्या फिल्मवर जुना व्रण दिसतो त्याला दोन महिने थांबावं लागतं. रावपुऱ्यातल्या कुठल्याही एजंटाची ओळख त्यातला एक दिवससुद्धा कमी करू शकत नाही, कारण टीबीचा जंतू प्रयोगशाळेतल्या नळीत वाढायलाच आठ आठवड्यांपर्यंत वेळ घेतो. म्हणून ही तपासणी यादीत सगळ्यात वर लिहा.

तिकडे टीबी कसा असतो, आणि म्हणून ते काय शोधतात

ज्या देशात लाख लोकांमागे वर्षाला दहापेक्षा कमी नवे रुग्ण सापडतात, तो टीबी विरळ असलेला देश, असं जागतिक आरोग्य संघटना धरते. अमेरिकेत हा आकडा तीनच्या आसपास आहे, कॅनडा आणि ऑस्ट्रेलियात पाच-सहाच्या. जपान २०२१ मध्ये पहिल्यांदा दहाच्या खाली उतरला. इंग्लंड २०२४ मध्ये ९.४ वर होता, म्हणजे अगदी काठावर. भारताचा २०२३ चा अंदाज लाखामागे १९५.

फरक नुसता आकड्याचा नाही, रोगाच्या चालीचाही आहे. आपल्याकडे टीबी अजून माणसाकडून माणसाकडे ताजा ताजा जातो: घरात, चाळीत, कारखान्यात, एकाच वर्गात. तिकडे बहुतेक रुग्णांना जंतूची लागण बऱ्याच वर्षांपूर्वी, बहुधा दुसऱ्याच देशात झालेली असते. जंतू शरीरात निपचित पडून राहतो आणि पुढे कधीतरी जागा होतो. इंग्लंडमध्ये दर पाच रुग्णांतले चार देशाबाहेर जन्मलेले असतात, अमेरिकेतही चारांतले तीन. उरलेल्यांत म्हातारी माणसं असतात, ज्यांना लहानपणी लागण झाली होती. जपानच्या रुग्णांत तर वृद्धांचाच भरणा मोठा आहे. शिवाय बेघर, तुरुंगातले आणि नशेच्या आहारी गेलेले लोक. कॅनडात उत्तरेकडच्या इनुइट वस्त्यांमध्ये हाच रोग देशाच्या सरासरीपेक्षा कितीतरी पटींनी जास्त आहे, कारण तिथे घरं अपुरी, दाटीची आणि दवाखाने लांब.

हा आकडा आपोआप खाली राहत नाही. अमेरिकेत १९८५ मध्ये २२,२०१ रुग्ण होते. टीबीवरचा खर्च कापला गेला होता, त्यात एचआयव्ही आला, आणि १९९२ पर्यंत रुग्ण २६,६७३ झाले. औषधांना न जुमानणारा टीबी इस्पितळांतून आणि तुरुंगांतून पसरला, आणि तो आवरायला मग फार मोठा पैसा लागला. तेव्हापासून हे देश रुग्ण कमी झाले म्हणून हात सैल सोडत नाहीत. ते तीन गोष्टी करतात: येणाऱ्यांत फुफ्फुसाचा टीबी आहे का ते निघण्याआधी पाहतात, निपचित लागण शोधून ती गोळ्यांनी संपवतात, आणि रुग्ण सापडला की त्याच्याभोवतीची माणसं एकेक करून तपासतात. परदेशी जाणाऱ्याला या तिन्हींची गाठ पडते.

आधी दिनदर्शिका घ्या

जायच्या तारखेपासून मागे मोजा. ब्रिटनमध्ये सहा महिन्यांपेक्षा जास्त राहायला जाणाऱ्या भारतीयाला टीबीचं प्रमाणपत्र लागतं. ते एक्स-रेच्या तारखेपासून सहा महिने चालतं. सप्टेंबरचा कोर्स असेल तर मेमध्ये एक्स-रे काढणं सगळ्यात शहाणपणाचं. थुंकीची तपासणी लागलीच तर ती जुलैअखेर संपते, आणि काही लागलं नाही तरी प्रमाणपत्र नोव्हेंबरपर्यंत जिवंत असतं. मार्चमध्ये घाई केली तर व्हिसाचा अर्ज करेपर्यंत ते शिळं व्हायची भीती. ऑगस्टमध्ये गेलात आणि फिल्मवर ठिपका निघाला, तर तो प्रवेश हातचा गेलाच समजा.

कॅनडाची वैद्यकीय तपासणी साधारण बारा महिने चालते, त्यामुळे तिथे थोडी जास्त मोकळीक असते. ऑस्ट्रेलियासाठी आधी ऑनलाइन खात्यातून तपासणीचा क्रमांक काढावा लागतो आणि मगच दवाखाना वेळ देतो. अमेरिकेचं वेगळं आहे. कायमच्या स्थलांतराला तपासणी लागते, विद्यार्थी व्हिसाला लागत नाही. पण विद्यापीठाचा आरोग्य विभाग पोहोचल्यावर टीबीची प्रश्नावली देतो आणि भारताचं नाव दिसलं की रक्ताची चाचणी मागतो. ‘अमेरिकेला काही लागत नाही’ या ऐकीव माहितीवर गेलेल्यांचं कोर्सनोंदणीचं खातं काही ठिकाणी अडवून ठेवतात.

दवाखाना

फॅमिली डॉक्टरांनी काढलेला एक्स-रे कितीही चांगला असला तरी व्हिसाला चालत नाही. प्रत्येक देश आपापले डॉक्टर नेमतो आणि यादी आपल्या सरकारी संकेतस्थळावर ठेवतो. ब्रिटनची यादी कॅनडाच्या यादीपेक्षा वेगळी असते. ज्या दिवशी वेळ घ्यायची त्याच दिवशी ती उघडून पाहा, कारण नावं बदलतात. बडोद्याचं नाव हव्या त्या देशाच्या यादीत नसलं तर अहमदाबाद किंवा मुंबई पाहावं लागेल. अहमदाबाद गाडीने दोन तासांवर आहे, पण थुंकीची तपासणी लागली तर तीन सकाळी लागोपाठ तिथे हजर राहावं लागतं, हे ध्यानात ठेवून एखाद्या नातेवाइकाकडे आधीच बोलून ठेवा.

सोबत न्यायचं ते असं: मूळ पासपोर्ट (झेरॉक्स चालत नाही), तपासणीचा क्रमांक किंवा पत्र, चष्मा असेल तर चष्मा, चालू औषधांच्या चिठ्ठ्या, आणि पूर्वी टीबी झाला असेल तर त्याचा सगळा इतिहास कागदावर. इतिहास म्हणजे निक्षय (टीबी रुग्णांची सरकारी नोंदणी) क्रमांक, कोणती औषधं किती महिने घेतली, उपचार संपल्याचा दाखला, तेव्हाचे थुंकीचे अहवाल आणि जुने एक्स-रे. फिल्म असेल तर फिल्म, सीडी असेल तर सीडी. मोबाइलवर काढलेला फिल्मचा फोटो तुलनेला उपयोगी पडत नाही. जुनी फिल्म दिल्याने थुंकीची तपासणी टळेलच असं नाही, पण व्रण पाच वर्षांपूर्वीही असाच होता हे दिसलं की डॉक्टरांचा निर्णय सोपा होतो. सयाजी किंवा गोत्रीच्या इस्पितळात उपचार झाले असतील तर केस पेपरची प्रत काढायला आठवडा धरून चाला.

आता एक गोष्ट स्पष्ट सांगायला हवी. आपल्या घरांतून टीबी अजून लपवला जातो, लग्न ठरण्याच्या वयाच्या मुलींचा तर फारच. व्हिसाच्या प्रश्नावलीत तो लपवू नका. बरा झालेला टीबी बहुतेक वेळा फुफ्फुसाच्या वरच्या टोकाला ओरखडा ठेवून जातो आणि रेडिओलॉजिस्टला तो दिसतो. पूर्ण उपचार घेऊन बरा झालेला टीबी व्हिसाच्या आड येत नाही. खोटं उत्तर मात्र येऊ शकतं: खोटी माहिती दिल्याचं सिद्ध झालं तर कॅनडा पाच वर्षं दार बंद करतो. घरात आजोबांना किंवा काकांना गेल्या दोन-तीन वर्षांत टीबी झाला असेल तर तेही सांगा.

एक्स-रेच्या दिवशी

उपाशी राहायची गरज नाही. मंगळसूत्र, चेन, गळ्यातला ताईत घरीच काढून ठेवा. लांब केस असतील तर अंबाडा डोक्यावर उंच बांधा. टीबीला फुफ्फुसाचं वरचं टोक आवडतं, ते मानेच्या मुळाशी असतं, आणि खांद्यावर पडलेल्या वेणीची सावली नेमकी तिथेच येते. ती सावली डाग म्हणून वाचली गेली की पुन्हा फिल्म, पुन्हा फेरी. श्वास पूर्ण भरून रोखा. अर्धवट श्वासात फुफ्फुसाचा खालचा भाग दाटलेला दिसतो.

ब्रिटन, कॅनडा आणि ऑस्ट्रेलियासाठी अकरा वर्षांखालच्या मुलांचा सहसा एक्स-रे काढत नाहीत. ब्रिटनसाठी डॉक्टर मुलाला पाहून प्रश्न विचारतात. ऑस्ट्रेलिया दोन ते दहा वर्षांच्या मुलांसाठी रक्ताची किंवा त्वचेची चाचणी मागतो. दिवस गेलेल्या स्त्रीला ब्रिटनच्या तपासणीत तीन वाटा आहेत: पोटावर शिशाचं कवच घेऊन एक्स-रे, एक्स-रेऐवजी थेट थुंकी, किंवा बाळंतपणानंतर तपासणी. निवड तिची असते, आणि वेळ घेतानाच तसं सांगितलं तर दवाखान्याला तयारी ठेवता येते.

खोकल्याची गोळी, जी निकाल बिघडवते

तपासणीच्या आधीच्या महिन्यात ताप-खोकला झाला तर मेडिकल स्टोअरवाल्याला विचारून लेव्होफ्लॉक्सासिन घेऊ नका. ऑफ्लॉक्सासिन, सिप्रोफ्लॉक्सासिन, मॉक्सिफ्लॉक्सासिन ही त्याचीच भावंडं. पोट बिघडलं किंवा लघवीला जळजळ झाली तरी हीच दिली जातात. ही औषधं टीबीच्या जंतूवर अर्धवट काम करतात. जंतू मरत नाहीत, पण दबतात. मग थुंकीत काहीच वाढत नाही, माणूस निरोगी ठरतो आणि तीन महिन्यांनी मँचेस्टरमध्ये रक्त खोकतो. त्याहून वाईट म्हणजे अर्धवट माऱ्याने जंतू या औषधाला सरावतो, आणि औषधांना दाद न देणाऱ्या टीबीच्या उपचारात हीच औषधं मुख्य असतात. डॉक्टरांनी खरोखर गरज म्हणून दिलं असेल तर घ्याच, पण तारीख लिहून ठेवा आणि तपासणीच्या डॉक्टरांना सांगा.

खोकला दोन आठवड्यांच्या वर गेला असेल तर व्हिसा बाजूला ठेवा. जवळच्या सरकारी केंद्रात थुंकी तपासून घ्या, ट्रूनॅट किंवा सीबीनॅट या यंत्रांवर, फुकट होते. टीबीच्या सरकारी मदतवाहिनीचा क्रमांक १८००-११-६६६६.

थुंकी मागितली तर

घाबरू नका. याचा अर्थ टीबी आहे असा नाही. फिल्मवर शंका आहे एवढाच.

तीन लागोपाठच्या दिवशी सकाळी थुंकी घेतात. ती दवाखान्यातच, कर्मचाऱ्यासमोर द्यावी लागते. घरून डबीत आणलेली घेत नाहीत, कारण नमुना नक्की कोणाचा ही खात्री हवी असते. निघण्याआधी चूळ साध्या पाण्याने भरा, माउथवॉश नको, त्यातली द्रव्यं जंतू मारतात. दोनतीन खोल श्वास घ्या, शेवटचा रोखून धरा आणि छातीच्या तळातून खोका. हवी ती पिवळसर-पांढरी, चिकट, चमचाभर थुंकी, साधारण ५ मिलि. तोंडातली पातळ लाळ नको. नमुना बाद होण्याचं सगळ्यात नेहमीचं कारण लाळच असते. ज्याला खोकलाच नाही त्याला तीव्र मिठाच्या पाण्याची वाफ देतात, तिने सुटते. ही सोय आहे का हे आधी विचारा.

नमुन्याचं दोन प्रकारे बघणं होतं. काचेवर पसरून दुर्बिणीखाली, ते लवकर कळतं. आणि कल्चर, म्हणजे पोषक द्रवात जंतू वाढतात का ते पाहणं, ज्याला आठ आठवड्यांपर्यंत लागतात. दुर्बिणीला दिसायला एक मिलिलिटर थुंकीत हजारो जंतू लागतात, कल्चरला थोडे पुरतात. म्हणूनच विरळ-टीबीचे देश काचेच्या निकालावर थांबत नाहीत. या दोन महिन्यांत नवे एक्स-रे काढत दुसऱ्या शहरातला ‘सोपा’ दवाखाना शोधत फिरू नका. नेमलेल्या दवाखान्यांच्या नोंदी त्या देशाच्या एकाच यंत्रणेत जातात आणि मागची तपासणी पुढच्याला दिसते.

कल्चरमध्ये जंतू वाढले तर प्रमाणपत्र मिळत नाही. उपचार पूर्ण करायचे आणि मग पुन्हा अर्ज करायचा. साध्या टीबीचे सहा महिने: पहिले दोन महिने चार औषधं (आयसोनियाझिड, रिफॅम्पिसिन, पायराझिनामाइड, इथॅम्ब्यूटॉल), पुढचे चार महिने भारतात तीन, पायराझिनामाइड सोडून. सरकारी केंद्रात वजनाप्रमाणे एकत्र गोळ्या मिळतात, निक्षयवर नोंद होते आणि पोषणासाठी महिना १००० रुपये खात्यात येतात. उपचार खासगी डॉक्टरांकडे घेतलेत तरी नोंद करून घ्या. गोळी कोणासमोर घेतली, कोणती चुकली, दोन, पाच आणि सहा महिन्यांना थुंकी कशी होती, हे कागदावर नसेल तर परदेशी डॉक्टर उपचार झालेच नाहीत असं धरतात. कल्चर आणि कोणतं औषध लागू पडतं याचा अहवाल उपचार सुरू होण्याआधीच्या नमुन्यावरचा हवा. हा एक कागद हरवला तर नंतर तो तयार करता येत नाही.

रक्ताची चाचणी: इग्रा

आपल्या बहुतेकांना जन्मतःच बीसीजी, म्हणजे टीबीची लस, टोचलेली असते. हातावरची जुनी मॉन्टू चाचणी बीसीजीमुळेही फुगू शकते. इग्रा या रक्तचाचणीत (क्वांटिफेरॉन हे तिचं नेहमीचं नाव) जी प्रथिनं वापरतात ती बीसीजीच्या जंतूत नसतात, त्यामुळे लस टोचल्याने ती खोटी होत नाही. विद्यापीठाने पर्याय दिला तर इग्राच मागा. मॉन्टू केलीच तर ४८ ते ७२ तासांत परत जाऊन वाचून घ्या. मोजायची ती टोचल्याजागच्या कडक फुगवट्याची रुंदी, मिलिमीटरमध्ये. लाली मोजायची नसते.

बडोद्यात इग्रा करताना दोन ठिकाणी घोळ होतो. पहिला प्रवासाचा. या चाचणीत रक्तातल्या जिवंत पेशींनी जंतूच्या प्रथिनांना प्रतिसाद द्यायचा असतो. चार छोट्या नळ्यांत प्रत्येकी सुमारे १ मिलि रक्त घेऊन त्या हलवतात, आणि १६ तासांच्या आत ३७ अंशांच्या पेटीत ठेवाव्या लागतात. कलेक्शन सेंटरवर शनिवारी दुपारी दिलेला नमुना सोमवारी मुंबईच्या प्रयोगशाळेत उघडला गेला तर निकाल ‘अनिर्णित’ येतो. म्हणून विचारा: नळ्या इथेच उबवणार की पाठवणार, आणि किती वाजेपर्यंत? सोमवार ते गुरुवार सकाळी द्या.

दुसरा घोळ लशीचा. अमेरिकी विद्यापीठं गोवर-गालगुंड-रुबेलाची लसही मागतात. ही जिवंत लस काही आठवडे टीबीच्या चाचणीचा प्रतिसाद दाबू शकते. रक्त आणि लस एकाच दिवशी उरका, नाहीतर लशीनंतर किमान चार आठवडे थांबा.

अहवालात ०.३५ ही सीमा असते. त्याच्या थोडंच वर, म्हणजे ०.३५ ते १ मध्ये आलेला निकाल पुन्हा केल्यावर कधी कधी खाली जातो. चाचणी पॉझिटिव्ह आली म्हणजे टीबी झालाच असं नाही. जंतूशी ओळख झाली आहे एवढंच ती सांगते. रोग आहे की नाही हे लक्षणं, एक्स-रे आणि थुंकी ठरवतात. उलट, रोग असतानाही इग्रा निगेटिव्ह येऊ शकते.

पोहोचल्यावर

एक्स-रे साफ होता म्हणून विषय संपला असं समजणं ही सगळ्यात महागात पडणारी चूक आहे. एक्स-रे फक्त त्या दिवशीचं फुफ्फुस दाखवतो. लागण झालेल्यांपैकी पाच ते दहा टक्क्यांना आयुष्यात कधीतरी रोग होतो, आणि त्यातला मोठा वाटा लागणीनंतरच्या पहिल्या दोन ते पाच वर्षांत. शिवाय दक्षिण आशियातून गेलेल्यांत फुफ्फुसाबाहेरचा टीबी बराच दिसतो: मानेच्या गाठी, पोट, मणका, डोळा. त्यातलं काहीही छातीच्या फिल्मवर येत नाही.

आधी कागदी कर्तव्य. जुना व्रण असलेल्यांना कॅनडा देखरेखीची अट घालून व्हिसा देतो. तसं पत्र असेल तर उतरल्यापासून ३० दिवसांत त्या प्रांताच्या सार्वजनिक आरोग्य विभागाला फोन करा. ऑस्ट्रेलियाच्या हमीपत्रात हीच मुदत २८ दिवसांची आहे. हे पत्र हातातल्या बॅगेत ठेवा, मोठ्या सुटकेसमध्ये नको. घर बदललं तर नवा पत्ता कळवा, नाहीतर बोलावणं जुन्या पत्त्यावर जातं आणि अट मोडल्याची नोंद तुमच्या नावावर राहते.

इंग्लंडमध्ये पहिल्याच आठवड्यात जीपीकडे, म्हणजे तिथल्या फॅमिली डॉक्टरकडे, नाव नोंदवा. गेल्या पाच वर्षांत भारतासारख्या देशातून आलेल्या १६ ते ३५ वयाच्यांना बऱ्याच भागांत निपचित टीबीची रक्तचाचणी मोफत देतात. पत्र आलं तर जा. आलं नाही तर स्वतः विचारा.

चाचणी पॉझिटिव्ह आली आणि रोग नाही असं ठरलं, तर गोळ्या सुचवतात: रोज रिफॅम्पिसिन चार महिने, किंवा रिफॅम्पिसिन-आयसोनियाझिड तीन महिने, किंवा आठवड्यातून एकदा आयसोनियाझिड-रिफापेंटिन असे बारा डोस, किंवा नुसतं आयसोनियाझिड सहा ते नऊ महिने. ‘मला काही होत नाही, मग औषध कशाला’ म्हणून अनेक जण सोडतात. आमचं मत स्पष्ट आहे: वय तरुण, यकृत ठणठणीत आणि परतून भारतात लगेच स्थायिक व्हायचं नसेल, तर घ्या. ज्याला मधुमेह आहे त्याला रोग होण्याची शक्यता साधारण तिप्पट, सांध्यांच्या आजारासाठी जैविक इंजेक्शनं घेणाऱ्याला त्याहूनही जास्त. त्यांनी तर चुकवूच नये.

रिफॅम्पिसिनने लघवी, घाम, अश्रू केशरी होतात. मऊ कॉन्टॅक्ट लेन्स कायमच्या रंगतात, तेवढे महिने चष्मा लावा. गर्भनिरोधक गोळी निकामी होते, तेव्हा दुसरा उपाय हवा. रक्त पातळ करणाऱ्या आणि मधुमेहाच्या काही गोळ्यांचा जोर कमी होतो, म्हणून डॉक्टरांना पूर्ण यादी द्या, त्यात घरून आलेली आयुर्वेदिक चूर्णंही. आयसोनियाझिडसोबत बी-६ घ्यावं लागतं, नाहीतर पायांना मुंग्या येतात. दारू बंद. मळमळ थांबत नसेल, लघवी चहासारखी गडद झाली किंवा डोळे पिवळे दिसले तर त्याच दिवशी गोळी थांबवा आणि दवाखान्याला फोन करा.

लक्षणं आली तर डॉक्टरांना पहिल्या मिनिटात सांगा, ‘मी भारतातून आलोय, टीबी तपासाल का?’ तिकडच्या तरुण डॉक्टरने वर्षभरात एकही रुग्ण पाहिलेला नसतो. तीन आठवड्यांच्या खोकल्याला तो आधी दम्याचा पंप देईल, मग न्यूमोनियाची गोळी. रात्रीचा घाम, उतरलेलं वजन, मानेतली न दुखणारी गाठ, रात्री झोपमोड करणारी पाठदुखी, हे सगळं तारखांसह सांगा.

रोग निघाला तर ब्रिटनमध्ये टीबीचा उपचार सगळ्यांना मोफत आहे, व्हिसा कुठलाही असो. ब्रिटन, कॅनडा, ऑस्ट्रेलिया केवळ टीबी झाला म्हणून कोणाला परत पाठवत नाहीत. या भीतीने औषध लपवून मागवणारे स्वतःचं आणि खोलीतल्या सोबत्याचं नुकसान करतात. बडोद्याहून कुरिअरने गोळ्या मागवू नका. फुफ्फुसाचा टीबी असेल तर साधारण दोन आठवडे घरी थांबायला सांगतात. गोळी घेताना मोबाइलवर चित्रफीत पाठवायची पद्धत आता बऱ्याच ठिकाणी आहे. भारतातून अर्धा उपचार घेऊन गेला असाल तर गोळ्यांची पाकिटं आणि पत्र न्या. पुढच्या चार महिन्यांत तिकडे सहसा दोनच औषधं असतात, आपल्याकडे तीन, आणि पत्र नसलं तर तिसऱ्याचं कारण काय असा प्रश्न पडतो.

परिचारिका मग संपर्कांची यादी मागेल. सुरुवात घरातल्यांपासून होते. त्यांच्यात लागण सापडली तर वर्तुळ वर्गमित्र, कामावरचे असं मोठं होतं, पाण्यात खडा टाकल्यावर तरंग सरकावेत तसं. तुमचं नाव कोणाला सांगत नाहीत. आठ तासांपेक्षा लांब विमानप्रवास केला असेल तर पुढच्या-मागच्या दोन ओळींतल्या प्रवाशांचाही विचार होतो, तेव्हा बोर्डिंग पास टाकून देऊ नका. इंग्लंड प्रत्येक वाढलेल्या जंतूचा पूर्ण जनुकक्रम वाचतं. दोन रुग्णांच्या जंतूंत बारा किंवा त्याहून कमी अक्षरांचा फरक असला तर ते एकाच साखळीतले असू शकतात. त्यामुळे ‘आम्ही भेटलोच नव्हतो’ अशी अर्धवट उत्तरं टिकत नाहीत आणि मधला न सापडलेला रुग्ण मात्र आजारी राहतो. फ्लॅटमध्ये आठवडाभर झोपलेला मित्र, गणपतीच्या तालमीतली खोली, मसाल्याच्या दुकानातली अर्धवेळ नोकरी, सगळं सांगा.

आजी-आजोबा आणि बाळ

कॅनडाच्या सुपर व्हिसावर नातवंडं सांभाळायला जाणाऱ्या आजी-आजोबांनाही वैद्यकीय तपासणी आहे. सत्तरीच्या फुफ्फुसात जुना व्रण तरुणांपेक्षा कितीतरी जास्त वेळा निघतो, म्हणून बाळंतपणाच्या तारखेआधी पाच-सहा महिने तपासणी करा. ब्रिटनला सहा महिन्यांच्या आत पाहुणे म्हणून जाताना ती लागत नाही. पण आजोबांना खोकला असेल तर व्हिसा मागो न मागो, निघण्याआधी इथे थुंकी तपासा: तान्ह्या बाळाला लागण झाली तर रोग मेंदूच्या आवरणापर्यंत जायचा धोका मोठ्यांपेक्षा बराच जास्त. आणि घरात रुग्ण सापडलाच, तर बाकीच्यांची तपासणी करून प्रतिबंधक गोळ्या भारताच्या सरकारी कार्यक्रमातही मिळतात.

ब्रिटनने शाळेतली सरसकट बीसीजी २००५ मध्ये थांबवली. तिथे जन्मलेल्या तुमच्या बाळाला ती आपोआप मिळेलच असं धरू नका, पण ते तिला पात्र आहे: आई, वडील, आजी, आजोबा यांतलं कोणी एक लाखामागे ४० किंवा जास्त रुग्ण असलेल्या देशात जन्मलेलं असलं की पुरे, आणि भारत त्यात येतो. प्रसूतिपूर्व तपासणीत परिचारिका आजी-आजोबांचा जन्मदेश विचारते तो याचसाठी. तिथे ‘बडोदा, भारत’ असं स्पष्ट लिहा. लस जन्मल्यावर लगेच देत नाहीत, बाळाच्या प्रतिकारशक्तीच्या रक्तचाचणीचा निकाल आल्यावर, सहसा अठ्ठावीस दिवसांच्या सुमारास देतात. महिना उलटूनही बोलावणं आलं नाही तर हेल्थ व्हिजिटरला (बाळाची देखरेख करणाऱ्या परिचारिकेला) विचारा.